जुन्या टेली लेन्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की फिल्मच्या काळातली १३५ किंवा २०० एमएमची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, हातानं फोकस करायची मॅन्युअल लेन्स, जी आज थोड्या हजारांत मिळून जाते, ती आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला लावून एकदा तरी फोटो काढून बघा. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही.

वडिलांच्या ट्रंकेत झेनिट कॅमेरा आणि एक लांबडी लेन्स सापडली. लेन्सवर रशियन अक्षरं आहेत आणि ३.५ व १३५ हे आकडे आहेत. अपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एक फिरवली तर पाती हलतात, दुसरी फिरवली तर कधी हलतात कधी नाही. बिघडली आहे का? माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्याला बसेल का? (निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

सर, बिघडलेली अजिबात नाही, ती तशीच असते. वर्णनावरून ती ज्युपिटर-३७ए दिसतेय, आणि तसं असेल तर ट्रंकेत खरंच चांगली वस्तू निघाली म्हणायची. अपर्चर म्हणजे उजेड आत यायचं भोक, एफचा आकडा वाढला की ते लहान होतं. दोन रिंगांच्या पद्धतीला प्रीसेट म्हणतात. एका रिंगेवर तुम्हाला हवा तो आकडा ठरवून ठेवायचा, समजा एफ ८, आणि दुसरी रिंग पूर्ण उघडायची, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख उजेड येतो आणि फोकस नीट दिसतो. फोकस झाला की डोळा न काढता दुसरी रिंग अडेल तिथपर्यंत फिरवायची, ती बरोबर ८ वर जाऊन थांबते, मग क्लिक. पहिले काही दिवस बोटं गोंधळतात, नंतर सवय होते आणि मग ऑटो काही आठवत पण नाही. आत डोकावून बघा, अपर्चरची बारा पाती आहेत, म्हणून एफ ८ ला सुद्धा भोक जवळजवळ गोल राहतं. नव्या स्वस्त लेन्समध्ये सहा-सात पाती असतात, हा फरक मागच्या धूसर भागात लगेच दिसतो. कार्तिकी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो तेव्हा पुढच्या एका पणतीवर फोकस धरून मागच्या शेकडो पणत्या सोडून द्या, सगळ्यांचे गोल गोल ठिपके मिळतील, कोपरे नसलेले.

बसण्याचं म्हणाल तर तिचा आटा ४२ मिलिमीटरचा आहे, त्याला एम४२ म्हणतात. बहुतेक झेनिट, बरेच प्राक्टिका, जुने पेंटॅक्स स्पॉटमॅटिक याच आट्याचे. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं आणि कॅननच्या ईएफ माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडाचं, अंतर ४४ आहे, म्हणजे मधल्या दीड मिलिमीटरात एक पातळ अडॅप्टर बसतो, आत काच नसलेली नुसती रिंग, काही शे रुपयांची. काच असलेला घेऊ नका, तुम्हाला त्याची गरजच नाही. कॅमेरा एव्ही (शटर कॅमेरा ठरवतो) किंवा एम (सगळं आपण ठरवतो) मोडवर ठेवा, स्क्रीनवर अपर्चरच्या जागी ०० दिसेल, घाबरायचं नाही, उजेड मोजणारं मीटर चालतं. आणि हो, सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बघा, रशियन लेन्सवर बहुतेक वेळा तेच बनवल्याचं साल असतं, ८२ असेल तर १९८२. वडिलांनी ती कधी घेतली असेल याचा अंदाज येईल.

बऱ्याच जणांनी विचारलंय की एवढी चांगली काच एवढी स्वस्त का, खोटी तर नाही ना, ते इथंच सांगून टाकतो. जुन्या रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या, कॅमेऱ्यांवर साधारण १३५ च्या पुढं फोकस बिनचूक जमत नव्हता, त्यामुळे टेली म्हणजे १३५ हे तेव्हापासून रूढ झालं, पुढं लेन्समधूनच बघायचे एसएलआर आले तरी ५० नंतर लोक दुसरी लेन्स घ्यायचे ती बहुधा १३५ च. त्यामुळे बनल्याच प्रचंड. मग झूम आले. १९८५ ला मिनोल्टाचा ऑटोफोकस कॅमेरा आला, १९८७ ला कॅननने माउंटच बदललं आणि आधीच्या माउंटच्या एफडी लेन्स एका फटक्यात निराधार झाल्या. काच तीच, गिऱ्हाईक गेलं. आता आतला आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आल्यावर त्यातल्या बऱ्याच पुन्हा वापरता यायला लागल्यात, तरी ५० एफ १.४ किंवा ८५ च्या मागं लोक जेवढे पळतात तेवढे १३५ एफ ३.५ आणि २०० एफ ४ च्या मागं पळत नाहीत. आपल्यासाठी बरंच आहे.

सर बजेट पाच हजार आहे, रंकाळा आणि कळंबा तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायचेत, ऑनलाइन ५०० एमएम एफ ८ मिरर लेन्स दिसतीय, साइजला पण छोटी आहे, घेऊ का? मित्र म्हणतोय २०० नं काय होणार, पक्षी मुंगीएवढा येईल. (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

पहिली लेन्स म्हणून ती घेऊ नको, हे अगदी स्पष्ट सांगतो. मिरर लेन्समध्ये आरसे असतात, उजेड आतल्या आत दोनदा मागं-पुढं जातो म्हणून ती आखूड होते, कल्पना सुंदर आहे. पण तिचं अपर्चर एफ ८ ला कायमचं अडकलेलं, कमी-जास्त होत नाही. सकाळी सातला रंकाळ्यावर एफ ८ म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या खाली जमणार नाही, कारण क्रॉप, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरवर ५०० एमएम हातात धरायचं तर शटर १/७५० च्या वर पाहिजे. त्यात मागचा प्रत्येक चकाकता थेंब मेदूवड्यासारखा मधे भोक पडलेला दिसतो आणि पाण्यावर तर चकाकते थेंबच थेंब. आणि फोकस रिंग केसभर हलली की पक्षी गेला. नामवंत कंपन्यांच्या काही मिरर लेन्स खरंच चांगल्या आहेत, पण त्या पाच हजारांत येत नाहीत, या बजेटमध्ये जी येते ती बहुतेक वेळा धुरकट असते.

आता मित्राच्या मुंगीचं बघू. आपला वंचक, म्हणजे काठावर मान आखडून बसणारा तो मातकट बगळा, साधारण ४५ सेंटीमीटरचा. १० मीटरवरून २०० एमएमनं तो सेन्सरवर ९ मिलिमीटरचा उमटतो आणि क्रॉप सेन्सरची उंची असते जेमतेम साडेपंधरा, म्हणजे निम्म्याहून जास्त फ्रेम त्यानंच भरली. तोच वंचक ३० मीटरवर असेल तर २०० वर ३ मिलिमीटर आणि तुझ्या ५०० वर सुद्धा साडेसातच. म्हणजे लेन्स अडीचपट वाढवण्यापेक्षा अंतर तिसऱ्या हिश्शावर आणलेलं जास्त कामाचं, आणि ते फुकट आहे. शिवाय लांबच्या फोटोत मधली हवा येते. ऊन चढलं की पाण्यावरची आणि डांबरावरची हवा थरथरते, मग जगातली कुठलीही लेन्स लाव, कडा विरघळल्यासारख्याच येणार.

म्हणून २०० एफ ४ घे. निकॉर, टाकुमार, रोक्कोर, कॅनन एफडी, पेंटाकॉन, तुझ्या बॉडीला जे बसेल आणि ज्याची काच स्वच्छ असेल ते. नावापेक्षा काच महत्त्वाची. आणि मग रंकाळ्याला एकच जागा धर. मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, की मॅन्युअल टेलीची मजा पक्ष्याच्या मागं पळण्यात नाहीच, तो कुठं येणार हे ओळखून तिथं आधीच फोकस लावून बसण्यात आहे. खंड्या एकाच काठीवर परत परत येतो, मासा घेतो, काठीवर आपटतो, गिळतो, पुन्हा तिथंच. त्या काठीवर फोकस लाव, एफ ५.६, शटर १/१०००, आणि बस. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात ते तर मिनिटामिनिटांचं काम, तिथं घाई कसलीच नाही. वंचक मासा धरायच्या आधी मान हळूहळू लांबवतो, ती लांबायला लागली की बोट शटरवर. असं चार-सहा सकाळी केलंस की ऑटोफोकसवाल्यांना न दिसणाऱ्या गोष्टी तुला दिसायला लागतील, कारण ते लोक मशीनच्या भरवशावर असतात आणि तुला बघावंच लागतं. संध्यामठाच्या बाजूनं सकाळचा उजेड कसा येतो ते सुद्धा एकदा नुसतं जाऊन बघ, कॅमेरा न काढता.

सोनी ए६४०० ला सुपर टाकुमार २०० एफ ४ लावली. फोटो फिकट येतात, पांढऱ्या बगळ्याभोवती जांभळी कडा दिसते आणि पन्हाळ्यावरून लांबचे डोंगर तर कधीच शार्प येत नाहीत. लेन्स खराब निघाली का? (आर्किटेक्ट, राजारामपुरी)

मॅडम, तिन्हीची कारणं वेगळी आहेत आणि लेन्स बहुतेक ठणठणीत आहे.

फिकटपणा कोटिंगमुळे. पेंटॅक्सची बहुस्तरीय एसएमसी कोटिंग १९७१ पासून आली, सुपर टाकुमार त्याच्या आधीची, तिच्यावर साधं कोटिंग आहे, त्यामुळे बाजूनं ऊन आलं की आत पसरतं. उपाय म्हणजे हूड, लेन्सपुढं लावायची सावलीची नळी, ५८ मिलिमीटर आट्याचं खोल धातूचं किंवा रबरी हूड घ्या आणि ते कधीच काढू नका. दुसरं, अडॅप्टरच्या आत बघा, स्वस्त अडॅप्टर आतून चकचकीत असतो आणि तोच उजेड सेन्सरवर फेकतो. आतून मॅट काळा रंग किंवा काळी मखमली पट्टी लावली की फरक दिसतो. हे इतकं साधं काम आहे आणि लोक करत नाहीत, लेन्सला नावं ठेवतात.

जांभळी कडा म्हणजे वेगवेगळे रंग एकाच जागी फोकस न होणं. आज त्यासाठी खास काचा वापरतात, त्या काळच्या साध्या टेलीत त्या नव्हत्या. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा ही तर सगळ्यात कठीण परीक्षा. एफ ४ वर दिसेल, ५.६ वर कमी, ८ वर जवळपास जाते, आणि एक्स्पोजर थोडं खाली ठेवलं तर बगळ्याची पिसं पण फाटत नाहीत. उरलेली कॉम्प्युटरवर एका स्लायडरनं जाते.

डोंगरांचं मात्र नीट वाचा, कारण हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. स्वस्त अडॅप्टर मुद्दामच किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे लेन्स अनंतापर्यंत, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसपर्यंत, नक्की पोचावी, अलीकडंच अडकून राहू नये. त्याचा परिणाम असा की रिंग शेवटपर्यंत फिरवली तर फोकस अनंताच्याही पलीकडं जातो. लांबचा डोंगर आहे म्हणून आपण रिंग सरळ टोकाला नेतो आणि फोटो मऊ येतो. टोकाला जाऊन थोडं मागं यायचं, स्क्रीनवर भाग मोठा करून बघायचा, डोंगरावरची झाडं सुटी दिसली की थांबायचं. पीकिंगच्या, म्हणजे फोकस झालेल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत रेघांवर २०० एमएमला विसंबू नका, त्या अंदाज देतात, नेमकेपणा मोठं करून बघण्यातच आहे. १० मीटरवर एफ ४ ला या लेन्सची शार्प दिसणारी खोली फक्त ४० सेंटीमीटरच्या आसपास असते हे लक्षात घ्या.

ए६४०० च्या बॉडीत हाताचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून शटर १/५०० च्या खाली आणू नका, किंवा कठड्यावर कॅमेरा टेकवा. ज्यांच्या बॉडीत आहे त्यांनी मेन्यूत फोकल लेन्थ हातानं २०० भरायची, जुनी लेन्स कॅमेऱ्याला स्वतःहून काही सांगत नाही. आणि लेन्स नसताना शटर चालू देण्याचं सेटिंग ऑन करा, नाहीतर मिररलेस क्लिकच करत नाही, यावर पण बरीच पत्रं आलीत. पन्हाळ्यावर दसरा-दिवाळीच्या मधे जा, पावसानं धुतलेली हवा असते, एप्रिलमध्ये त्याच जागेवरून सगळं पांढरट दिसणार.

खासबागच्या मैदानात कुस्तीचे फोटो मॅन्युअल १३५ नं निघतील का? सगळे हसतायत. (हौशी फोटोग्राफर, गंगावेश)

निघतात, आणि हसू द्या. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ पासून उभं आहे, एवढ्या वर्षांत तिथं कुस्तीचे जे फोटो निघाले त्यातले बहुतेक हातानं फोकस करूनच निघालेत, ऑटोफोकस तर कालपरवाचा.

कुस्ती पक्ष्यासारखी उडून जात नाही, ती आखाड्यात असते, हा केवढा मोठा फायदा. तुम्ही एका जागी बसलात की पैलवान तुमच्यापासून ठराविक अंतराच्या आतबाहेरच होणार. लाल मातीत मधोमध फोकस लावा, एफ ४, आणि रिंगेवर डावा हात ठेवून पैलवान पुढं आले की थोडी इकडं, मागं गेले की थोडी तिकडं, कुठल्या बाजूला फिरवायची ते हाताला पाठ होईपर्यंत घरी सराव करा, नातवंडं खेळत असतील तर त्यांच्यावर करा. खरा फोटो डाव पडतो तेव्हाचा नसतोच असं माझं मत आहे. खडाखडी होऊन दोघं एकमेकांच्या मानेत हात घालून डोकं टेकवून उभे राहतात, काही सेकंद कुणीच हलत नाही, पाठीवर माती आणि घाम, मानेच्या शिरा ताणलेल्या, तेव्हा काढा. तिथं मॅन्युअलला पुरेपूर वेळ मिळतो आणि १३५ ला फ्रेम अगदी भरते. डाव ओळखायला कुस्ती कळावी लागते, गंगावेशीत राहणाऱ्याला मी काय सांगणार.

दिवे लागल्यावर एक काळजी घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, वेगवान शटरला एक फोटो उजळ आणि एक काळपट येतो. तसं दिसलं तर १/१०० वर या आणि पैलवान थांबले असतानाच काढा. १/१०० ला १३५ हातात हलते, मोनोपॉड न्या, किंवा पुढच्या माणसाला त्रास न होता गुडघ्यावर कोपर टेका.

चैत्र यात्रेला जोतिबावर टेली न्यावी का? गुलालाची भीती वाटते. (वाचक, कोडोली)

न्या, पण भीती बरोबर आहे. जुन्या लेन्सला कसलंही सीलिंग नसतं, फोकस करताना नळी बाहेर येते आणि परत जाताना गुलाल आत ओढते, मग आट्यात बारीक करकर सुरू होते आणि ग्रीस गुलालासकट घट्ट होतं. लेन्सवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पुढं हूडला रबर लावा, पिशवीवरूनच रिंग फिरवता येते. पुढं साधा यूव्ही फिल्टर असू द्या, ही एकच जागा आहे जिथं मी फिल्टर लावा म्हणतो. यात्रेत लेन्स बदलू नका. आणि टेली आहे ना, मग सासनकाठ्यांच्या गर्दीत कशाला शिरता, वर पायऱ्यांच्या बाजूला उंच जागा बघून थांबा. उंच काठ्या एकामागं एक उभ्या, मधे गुलालाचा ढग, हे लांबून २०० नं काढलं की काठ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दाट दिसतात. घरी आल्यावर आधी ब्लोअरनं सगळं उडवा, मगच कापड लावा. ओल्या कापडानं गुलाल पुसायचा नाही, रंग खाचांमधल्या आकड्यांत बसतो तो कायमचा.

सेकंडहँड लेन्स घेताना फंगस कशी ओळखायची, आणि आपल्या पावसात ती होऊ नये म्हणून काय करू? मी एकदा फसलेय. (वाचक, इचलकरंजी)

ताई, या विषयावर मी कितीही लिहीन, कारण आपल्या भागात चांगल्या चांगल्या लेन्स याच एका गोष्टीनं मेल्यात.

दुकानात किंवा घरी कुणाकडून घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च पुरतो. अपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च एका बाजूनं तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूनं आत बघा, मग लेन्स उलटी करून तसंच. चार-दोन धुळीचे कण दिसणारच, पन्नास वर्षांच्या वस्तूत दिसले तर काही बिघडत नाही, फोटोत येत पण नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसले तर ती फंगस. सगळीकडं सारखा दुधी पडदा दिसला तर तो हेझ, आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसते त्यानं होतो, तो बऱ्याचदा साफ होतो. काचेच्या कडेनं इंद्रधनुष्यासारखा चकाकता डाग दिसला तर दोन चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्यात, तिला हात लावू नका, दुरुस्ती लेन्सपेक्षा महाग. पात्यांवर तेल असेल तर प्रीसेट लेन्सला फारसा फरक पडत नाही, ऑटो अपर्चरच्या लेन्सला पडतो, पाती चिकटून राहतात. फोकस रिंग पूर्ण फिरवून बघा, जड असली तर चालेल, करकरली किंवा मधेच अडकली तर नको. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्यासाठी लोक नाक मुरडतात आणि किंमत पडते, तिथं तुम्ही बिनधास्त घ्या, पुढच्या ओरखड्याचा फोटोवर परिणाम नगण्य, मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो.

ऑनलाइन घेताना टॉर्च लावून काढलेला फोटो मागायचा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर विषय संपला, कितीही स्वस्त असू दे.

फंगस कोपऱ्यात अगदी थोडी असेल तर फोटोत दिसणार नाही, पण ती वाढते, आणि वाढताना कोटिंग खाते, ते परत येत नाही. साफ करून घ्यायची तर जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडंच द्या. यूट्यूब बघून घरी उघडू नका, फोकसचा आटा एका दातानं चुकीचा बसला तरी अनंत हातातून जातं.

आणि पावसाचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग लेन्स काय चीज आहे. सगळ्यात वाईट जागा म्हणजे तिची स्वतःची जुनी चामड्याची केस, त्यानंतर लोखंडी कपाटात साडीच्या घडीत गुंडाळून ठेवणं. चामडं आणि कापड ओल धरून ठेवतात. स्वयंपाकघरातला झाकण घट्ट बसणारा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद गरम करून परत टाका, ती कढई मात्र त्याच कामाला ठेवा, स्वयंपाकाला नको. फार कोरडं पण करू नका, ग्रीस सुकतं. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा उघडीप मिळाली की लेन्स उजेडात न्या, रिंगा फिरवा, चार फोटो काढा. डब्यात पडून राहणाऱ्या लेन्सलाच बुरशी लवकर धरते. म्हणून तर मी म्हणतो दहा जमवू नका, दोन घ्या आणि त्या राबवा. उन्हात ठेवली तर सूर्याच्या दिशेनं उघडी ठेवायची नाही, कागद जाळणारं भिंग आणि ही यात काही फरक नाही. त्याच कारणानं टेली लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडं कधी, कधीच बघू नका, रंकाळ्यावरचा मावळतीचा सूर्य पार लाल होऊन पाण्याला टेकला असला तरी सुद्धा स्क्रीनवरच बघा.

निकॉन डी३५०० ला एम४२ बसवली, जवळचं शार्प येतं, लांबचं येतच नाही. (वाचक, कागल)

येणार पण नाही. निकॉनचं अंतर ४६.५ मिलिमीटर, एम४२ ला हवं ४५.४६, म्हणजे लेन्स मिलिमीटरभर पुढंच बसते. काचवाला अडॅप्टर अनंत मिळवून देतो पण चित्र बिघडवतो. ती लेन्स फुलपाखरं, फुलं यांच्यासाठी ठेवा, आणि लांबचं काढायला निकॉनचीच जुनी लेन्स घ्या, १३५ एफ ३.५ किंवा २०० एफ ४. निकॉनचं माउंट १९५९ पासून तेच आहे. १९७७ च्या आधीच्या, एआय (लेन्सचं अपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी जोडणी) नसलेल्या लेन्स तुमच्या डी३५०० ला चालतात, पण डी७१००, डी७२००, डी७५० वगैरेंना जबरदस्तीनं लावल्या तर माउंटजवळचा छोटा खटका मोडतो, त्यांनी एआयच घ्यायची. डी३५०० ला मीटर चालणार नाही, एम मोडवर ठेवून एक फोटो काढा, स्क्रीनवर बघा, उजेड कमी-जास्त करा. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका मात्र चालतो, फोकस लागला की पेटतो.

मी नववीत आहे. काकांच्या १३५ आणि २०० लेन्सनी चंद्राचे खड्डे दिसतील का? पौर्णिमेला काढला तर नुसता पांढरा गोळा आला. (विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

दिसतील, मोठे नक्की दिसतील. सेन्सरवर चंद्र किती मोठा येतो ते काढायला फोकल लेन्थला ११० नं भाग, २०० एमएमला साधारण १.८ मिलिमीटर. छोटा वाटतो, पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात तेवढ्यात साडेचारशेच्या वर पिक्सेल मावतात, कापून मोठा केलास तर छान दिसतो. पांढरा गोळा येतो कारण कॅमेरा काळं आकाश बघून एक्स्पोजर वाढवतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे लक्षात ठेव, म्हणून एम मोड, आयएसओ २००, एफ ११, शटर १/२००, इथून सुरुवात कर. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव, बोटाचा धक्का लागत नाही. फोकस स्क्रीनवर मोठं करून. आणि पौर्णिमेला काढू नकोस, तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. शुद्ध षष्ठी ते अष्टमीला काढ, संध्याकाळी चंद्र उंच असतो आणि उजेड-अंधाराच्या रेषेवर ऊन तिरकं पडल्यानं खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, तिथंच खड्डे उठून दिसतात. अर्धा चंद्र पौर्णिमेपेक्षा बराच मंद असतो, तेव्हा शटर १/६० च्या आसपास आणून बघ. काढलास की सदराकडं पाठव, पुढच्या अंकात छापू.

जुन्या लेन्सचं झाकण हरवलंय, मिळेल का? (तीन-चार वाचक)

मिळतं. कंपनीचं नाव शोधत बसू नका, पुढच्या आट्याचं माप बघा. टाकुमार १३५ एफ ३.५ ला ४९, ज्युपिटर-३७ए ला ५२, निकॉरच्या पण बऱ्याच ५२, लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेलं नसेल तर पट्टीनं आतलं माप घ्या. त्या मापाचं कुठलंही चिमटीवालं झाकण बसतं. मागचं झाकण मात्र माउंटप्रमाणे घ्यायचं, आणि ते आधी घ्या, कारण मागची काच जपायची असते.